मुरलेलं पाणी

"दाब," औलिस म्हणतो गाडीखालून.
मी दाबते.
"धर."
धरते, पोटरी थरथरेपर्यंत.
पाना पाव वेढा फिरतो, नळीतून
चहाच्या गाळासारखं तेल बाटलीत उतरतं,
मागोमाग दोन बुडबुडे.
"सोड."
एकदा मी त्याच्या आधी सोडलं होतं.
तो नुसता "इर्या" म्हणाला.
त्यात सगळं आलं.

मे महिना. तळ्याच्या काठाला अजून करडा बर्फ चिकटलेला.
साब नऊशे टर्बो, शहाऐंशीची,
मी एकोणतिसाव्या वर्षी घेतलेली, नवऱ्याला न विचारता.
तो गेला, गाडी राहिली.

मागच्या ऑगस्टात, चर्चच्या उतारावर,
पेडल तळाला जाऊन टेकलं,
जसं काही खाली कुणी नव्हतंच.
पुढे बोटींचा धक्का, धक्क्यापुढे पाणी.
हँडब्रेक ओढला.
या गाडीचा हँडब्रेक पुढच्या चाकांना असतो,
कुणा इंजिनिअरचं खूळ.
त्या खुळानं मला धक्क्याच्या फळ्यांवर आणून उभं केलं.
एक पोरगा गळ टाकून बसला होता.
त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

योनास फोनवर म्हणाला, आई, आता विकून टाक.
शेजारची रायली काही म्हणाली नाही,
पण तिच्या कॉफीत म्हातारचळ हा शब्द विरघळलेला मला कळला.

चौतीस वर्षं मी शाळेत रसायनशास्त्र शिकवलं.
ब्रेकचं तेल हवेतली ओल पितं, उत्कलनबिंदू उतरतो,
तापलं की आत वाफ होते,
आणि वाफ दाबली जाते, दाब पोचवत नाही.
चार गुणांचा प्रश्न. दर दोन वर्षांनी विचारलाय.
माझ्या गाडीत तेच तेल नऊ वर्षं.
कुठेतरी पाणी मुरतंय, हे मला कळायला हवं होतं,
निदान मला.

औलिसला सांगितलं, इंजिनाला हात लावू नकोस.
मला थांबायचं बघून दे.
दोन दिवस तो बोलला नाही.
तिसऱ्या दिवशी दुधाच्या खोक्यावर ब्रॅकेटचं चित्र काढून आणलं.
पुढे चार पिस्टनचे कॅलिपर, हवा खेळणाऱ्या जाड डिस्का.
पण तसं केलं की तो खुळा हँडब्रेक जातो,
म्हणून मागचा अख्खा अ‍ॅक्सल,
पिएक्सामाकीच्या लाकूडगिरणीमागे गंजत पडलेल्या एकोणनव्वदच्या गाडीचा.
मालकानं पैसे नाकारले. धुरी दिलेले पाच मासे घेतले.

मग बोल्ट.
तेल सोडलं, शेगडी लावली, शिव्या दिल्या.
सहा निघाले, सातवा मान मोडून आतच राहिला,
त्यापायी एक आख्खा शनिवार.
तांब्याच्या पाइपांची तोंडं त्यानं तीन-तीनदा केली,
पहिली दोन वाकडी आली म्हणून.
मला तर ती सरळच दिसत होती.
जुना कॅलिपर मी फेकू दिला नाही.
खिडकीत आहे, बिलांवर.

"दाब." "धर."
आता तेल मधासारखं येतं. बुडबुडा नाही.
पेडल वरच्या वर अडतं.

नवे पॅड बसवावे लागतात.
ऐंशीवरून तीसवर, दहा वेळा,
पण पूर्ण थांबायचं नाही, औलिसनं बजावलं.
आणि गरम असताना हँडब्रेक ओढायचा नाही.
मी एकटीच गेले. दोन्ही बाजूंना पाइनचं रान,
दर खेपेला सीटबेल्ट छातीवर हात ठेवून म्हणे, हं.
सहाव्या खेपेला जळक्या राळेचा वास आला.
नववी की दहावी, मोजणं चुकलं,
म्हणून आणखी एक.

मग निवत निवत वीस किलोमीटर सावकाश,
तरी चाकांजवळ हात नेला तर धग होतीच.
मला सूस लागली होती
आणि रस्ता जरासा उताराचा.
गिअरमध्ये ठेवली, तरी मन मानेना.
दगड शोधायला डिकीतला टॉर्च घ्यावा म्हणून उघडली,
तर आत बर्चचा एक ओंडका,
पाचरीसारखा तासलेला,
एका बाजूला पांढरी साल तशीच.